कोहळ्याच्या माथी

“माझ्या हातानं नको रे, वादिराज... या हातानं एकदा पोरीचा पाय घेतलाय!”

शेषगिरीरावांनी कोहळा तसाच फाटकाशी ठेवला आणि ते मागे सरले. नव्या कोऱ्या मोटारीला शेवंतीची माळ घातली होती, चारी चाकांखाली लिंबे ठेवली होती, कुवेंपुनगरच्या त्या गल्लीत सकाळपासून घरोघरी आयुधपूजेच्या घंटा वाजत होत्या. आणि या एकाच दारात पूजा अडून राहिली होती. पायरीवर बसलेल्या तुळसीने धाकट्या भावाकडे पाहिले. वादिराज किल्ली बोटात फिरवत खाली बघत होता. अकरा वर्षे तो असाच खाली बघत आला होता.

शेषगिरीराव, म्हणजे या दोघांचे वडील, अण्णा, घरामागे गेले, खराटा आणि घमेले घेऊन आले आणि रस्त्याला लागले. दर खंडेनवमीला हे ठरलेलेच! लोक आपापल्या गाड्यांवरून कोहळा ओवाळायचे, रस्त्याच्या मधोमध आपटायचे आणि खुशाल पायसम खायला घरात जायचे. आणि बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले हे पंच्याहत्तरीचे गृहस्थ धोतर वर खोचून साऱ्या गल्लीचे कोहळे झाडत सुटायचे. शेजारच्या अंबुजाबाई म्हणत, म्हाताऱ्याला सफाईचे वेड लागलेय. त्या वेडामागची खरी गोष्ट फक्त तुळसीला आणि वादिराजला ठाऊक होती...

अकरा वर्षांपूर्वीच्या नवमीला अण्णांनी वादिराजच्या नव्या बाइकपुढे कोहळा फोडला होता आणि “उद्या झाडू” म्हणून रस्त्यात तसाच राहू दिला होता. संध्याकाळी तुळसी भावाच्या मागे बसून देवळातून परत येत होती. तो एकोणीस वर्षांचा, अंगात वारे शिरलेले! एका हातात मोबाइल, एका हाताने बाइक. “हळू रे, वादी,” असे ती दोनदा म्हणाली. गल्लीच्या कोपऱ्यावर त्याने सिटी बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसायला बघितले आणि बाइक पदपथाच्या कडेवर आदळली. कोहळा तिथून वीस पावले पुढे होता; चाक त्याला शिवलेसुद्धा नव्हते. पण धावत आलेल्या माणसांनी तो तुडवून सगळीकडे पसरला आणि गर्दीतले कोणीतरी म्हणाले, “अय्यो, बूदगुंबळावरून घसरले की, कोहळ्यावरून!” वादिराजने पांढऱ्याफटक चेहऱ्याने तिच्याकडे पाहिले... आणि वेदनेने विव्हळत, रस्त्यावर पडल्या पडल्या तिने मान डोलावली. खरे कळले असते तर अण्णांनी त्याला घराबाहेर काढले असते. कोहळ्याच्या माथी मारले तर कुणाचे काय बिघडणार, एवढेच तिला त्या क्षणी वाटले होते.

तो कोहळा फोडला कोणी, हे तिला इस्पितळात अण्णांचा चेहरा बघितल्यावर आठवले. तोवर सगळ्यांच्या तोंडी तेच झाले होते, आणि मग जीभ रेटेना. डावा पाय आखूड राहिला, ठरलेले लग्न मोडले. ते तिने मुकाट सोसले. पण ती चालू लागली की अण्णा मान फिरवत, वर्तमानपत्र तोंडापुढे धरत, नाहीतर उठून आत जात! इतक्या वर्षांत त्यांनी तिला चालताना एकदाही बघितले नव्हते. भावासाठी केलेला त्याग म्हणून जे तिने उराशी जपले, त्याचा सगळा भार त्या वृद्ध पाठीवर पडला होता. मग हा कसला त्याग होता?

“वादी,” ती म्हणाली, “मी दमले रे.”

“आज नको, अक्का. सणाचा दिवस आहे.”

“दर वर्षी सणच असतो की!”

“अण्णांना आता सहन होईल का ते? सुम्ने, उगाच कशाला उकरायचं?”

“आणि आता काय सहन करतायत, ते बघ तरी!”

शेजारच्या फाटकासमोर अण्णा एक हात गुडघ्यावर टेकून, कुंकवाने लाल झालेल्या बिया खरवडून घमेल्यात भरत होते. एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत त्यांना चाटून गेला. अण्णांनी वर बघितलेसुद्धा नाही.

“तू सांगतोस की मी सांगू?” तुळसीचा आवाज थकलेला होता, त्यात राग उरलाच नव्हता. “मी सांगितलं, तर तू जन्मभर खालीच बघशील.”

 वादिराजने किल्ली पायरीवर ठेवली, रस्ता गाठला आणि अण्णांच्या हातातला खराटा धरला.

“सोड रे. तुझं सोवळं मळेल.”

“अण्णा, आम्ही घसरलो नव्हतो. मी मोबाइल बघत होतो. बसच्या डावीकडून घुसलो... तुमच्या बूदगुंबळापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो! चूक माझी, अण्णा. एकट्या माझी!”

खराटा खाली पडला. आता अण्णा त्याच्या थोबाडीत मारतील असे फाटकाशी आलेल्या तुळसीला वाटले. पण त्यांनी हळूच विचारले, “तुळसीला ठाऊक होतं?”

“मीच मान डोलावली, अण्णा,” ती म्हणाली. “ह्याला वाचवायला गेले आणि तुम्हाला...”

“अकरा वर्षं!” अण्णा घमेल्यातल्या बियांकडे बघत म्हणाले. “अकरा वर्षं देवापुढं हात जोडायची लाज वाटली ग मला...”

वादिराज भर रस्त्यात त्यांच्या पायांवर कोसळला. अण्णांनी त्याला उठवले नाही, जवळही घेतले नाही. डोळे पुसून ते एवढेच म्हणाले, “ऊठ. आधी हे झाड. कुणीतरी खरंच घसरेल.”

रेशमी धोतर नेसलेला वादिराज रडत रडत झाडू लागला. अण्णा अंबुजाबाईंच्या कट्ट्यावर बसले. रस्ता साफ होत आला तेव्हा त्यांनी हाक मारली, “तुळसी, इकडं ये.”

ती फाटकाबाहेर आली आणि सवयीने थबकली, ते मान फिरवतील म्हणून.

“सावकाश ये, बाळ,” अण्णा म्हणाले. “बघू दे मला.”

तुळसीने डावा पाय पुढे टाकला.