रविवारी सोडलेली जागा

"माझ्या मुलीची जागा कोणीतरी सोडून दिली," कॉलीन व्हॉस म्हणाली. "आम्ही सोडलेली नाही."

हॉलब्रूक विज्ञान शाळा सरकारी होती, फी नव्हती. एकशेवीस जागांसाठी दोन हजारांवर मुलं परीक्षेला बसत. टेसा व्हॉस निवडली गेली. शुक्रवारी पत्र आलं. रविवारी दुपारी सव्वातीनला प्रवेशाच्या साइटवर कोणीतरी तिच्या नावापुढे 'नकार' नोंदवला. सोमवारी जागा दारिओ किरोगाला गेली.

"आणि दारिओची आई मारिसोल टेसाच्याच शाळेच्या ऑफिसात आहे," कॉलीन म्हणाली.

"मग शोधायचं काय राहिलं?" लाइल बेकर म्हणाला. तो निवृत्त पोलीस होता. गाडी चालवायची आणि टिपणं घ्यायची, एवढंच त्याचं काम.

खासगी तपास करणाऱ्या ओडेसा प्रुइटने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "पासवर्ड कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे आणि मुलांच्या वडिलांकडे. आमचा घटस्फोट झालाय. टेसा माझ्याकडे, तिचा जुळा भाऊ मायका गॅरेटकडे. मायका तिकडच्या फेअरव्ह्यू शाळेत जातो. त्याचं नाव थोडक्यात हुकलं. जागा गेल्याचं गॅरेटला अजून सांगितलेलं नाही. मुलांनाही नाही."

"रविवारी सव्वातीनला मुलं कुठे होती?"

कॉलीनने फोनवर चित्रफीत दाखवली. पोहण्याची स्पर्धा, सुरुवात तीन वाजून बारा मिनिटांनी. टेसा पाण्यात होती. काठावर पालथा पडून मायका दोन्ही हातांनी फेऱ्यांच्या आकड्यांची पाटी पाण्यात धरून होता. शर्यत सात मिनिटं चालली होती.

मारिसोल किरोगा शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतूनच बोलली. "या, या. मी चोर आहे ना? सकाळपासून सगळे तसंच बघतायत."

"तुम्हाला पासवर्ड बदलता येतो?"

"येतो. पण मग जुना बंद पडतो."

"कालही जुन्यानेच उघडलं," कॉलीन पुटपुटली.

"मग मला कशाला धरता, बाई? जागा आमच्या शाळेच्या वाट्याची. सुटली की आमच्याच यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. तो माझा निघाला, यात माझा काय दोष?"

"नकार मागे घेता येतो?"

"पोराने चुकून दाबलं असेल तर येतो. पालकाने दिला असेल तर संपलं." ती थांबली. "मागे घेतलात, तर दारिओला मी काय सांगू?"

गॅरेट व्हॉस फोन हातात धरूनच दार उघडायला आला.

"हॉलब्रूकच्या प्रवेशाबद्दल थोडं बोलायचं होतं," ओडेसा म्हणाली.

"बरं झालं आलात. सुटलेली जागा भरायला हे लोक किती दिवस लावतात हो? मायका यादीत पहिला आहे. अजून फोन नाही."

"कुठल्या यादीत?"

"प्रतीक्षा यादीत! आणखी कुठल्या?"

संध्याकाळी ओडेसाने दोन्ही पालकांना आपल्या ऑफिसात बोलावलं. मुलं खाली गाडीत थांबली.

"जागा मारिसोलनेच ढापली, दुसरं कोण?" लाइल म्हणाला. "फायदा तिचाच झाला."

"फायदा झाला तिचा. पण नकार देणाऱ्याला तो कोणाचा होईल असं वाटलं होतं?" ओडेसा म्हणाली. "जुना पासवर्ड अजून चालतो, म्हणजे ऑफिसातून कोणी हात घातला नाही. मुलांचे हात तेव्हा पाण्यात होते. उरले दोघे पालक. मिस्टर व्हॉस, जागा सुटलीय हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. कॉलीननेही नाही. तरी तुम्ही ती कधी भरणार विचारलंत."

गॅरेटने फोन खिशात टाकला.

"तुम्हाला वाटलं यादी सगळ्यांची एकच आहे. प्रत्येक शाळेची वेगळी असते. मायका पहिला आहे तो फेअरव्ह्यूच्या. टेसाची जागा त्याला मिळणारच नव्हती."

"टेसा कुठेही गेली तरी पुढे जाईल," गॅरेट कसाबसा म्हणाला. "मायकाला ही एकच वाट होती." मग एकदम, "टेसाने चुकून दाबलं असं अहवालात लिहा ना! जागा परत मिळेल."

कॉलीनने मान वर केली. तिने नाही म्हटलं नाही.

"ती पाण्यात होती," ओडेसा म्हणाली. "आणि किरोगांच्या घरी एक मुलगा सोमवारपासून नव्या शाळेची स्वप्नं बघतोय. मी खोटं लिहिणार नाही."

मग कॉलीनने कोट घेतला.

"दोघांना एकत्रच सांगू," गॅरेट म्हणाला.

"नाही. टेसाला मी सांगते. मायकाला तू सांग." ती दारात वळली. "त्याच्यासाठीच केलंस ना?"