अढीबाहेरची रेघ

आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरलेली माणसं दिसेल तिथे बूड टेकतात. विमला एका लाकडी पेटीवर टेकली आणि समोरचा तरुण ताडकन उठला.

"उठा हो... आत काच आहे. तुम्हाला नाही कळायचं ते —"

"ढगपेटी ना? आतल्या वाफेतून कण गेला की धुक्याची रेघ उमटते." विमला उठली, पण रागाने. "का नाही कळायचं?"

शिवरामने पेटी जवळ ओढून घेतली. तो मुंबईला संशोधन करत होता. गेल्याच वर्षी परदेशात नवा कण सापडला होता, इलेक्ट्रॉनचा उलट्या विजेचा जोडीदार. आभाळातून येणाऱ्या किरणांच्या रेघा तरी आपल्या रत्नागिरीत पाहाव्यात, म्हणून तो मे महिन्याच्या सुटीत घरी चालला होता. विमलाही पदवी घेऊन मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जागा मागायला गेली होती. बाई असली की मुलांचं लक्ष उडतं, असं सांगून तिथल्या साहेबांनी तिला वाटेला लावलं होतं. तो राग अजून तिच्या नाकावर होता. तिच्या वडिलांची नुकतीच इथे बदली झाली होती आणि त्यांचं बिऱ्हाड निघालं नेमकं शिवरामच्या दगडी गडग्यापलीकडे.

शिवरामने तिलाही रेघा बघायला बोलावलं. त्याच्या घरात अंधारी खोली एकच, आंब्याच्या अढीची. पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांच्या घमघमाटात दोघं पेटीवर वाकून बसत. आतली हवा विरळ करायला तो दट्ट्या ओढी, ती पाही. नुसतं धुकं भोवंडे, रेघ काही उमटेना.

"तुम्ही फुंकर तर घालत नाही ना?"

"श्वास घेतेय. तोही बंद करू?"

"नको हो..." तो हळूच म्हणाला. "तेवढा घेत राहा."

अंधार होता म्हणून बरं, नाहीतर तिचं हसू त्याला दिसलं असतं.

मग एके दिवशी अढीत आंबे नासलेले निघाले. शिवरामची आई सावित्रीबाई दारातच उभी राहिली. "काय गो बाय, कावळा शिवलाय काय तुला?"

विमला खोटं बोलली नाही. "हो काकू, काल."

"मग अढीत पाय कसा टाकलास? नासले ना माझे आंबे."

विमलाने शिवरामकडे पाहिलं. तो पायाखालचा पेंढा बघत होता.

"मुंबईत माझ्यामुळे मुलं बिघडतात, इथे आंबे," ती त्याला म्हणाली. "ते साहेब निदान तोंडावर बोलले. तुम्ही तर तेही नाही." आणि गडगा ओलांडून ती आपल्या मागच्या पडवीत जाऊन बसली. डोळ्यांत पाणी होतं, तेसुद्धा संतापाचं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो पेटी, कंदील आणि घोंगडी घेऊन आला.

"लांब बसा. विटाळ होईल."

तो तिला खेटून बसला. दोघांच्या डोक्यावरून त्याने घोंगडी ओढली आणि दट्ट्या तिच्या हातात दिला. तिने तो रागातच ओढला.

पेटीत एक पांढरी रेघ उमटली. बारीक, सरळ... आणि विरली.

मग विमलाला उमगलं. "आंब्यांची ऊब! पिकताना अढी तापते, म्हणून आत धुकं ढवळत होतं. माझ्यामुळे आंबे नासले नाहीत. आंब्यांमुळे प्रयोग नासत होता."

"विमल," तो तिच्या कानाशी म्हणाला, "जन्मभर माझ्याबरोबर रेघा बघशील?"

"कानात नको," ती म्हणाली. "काल आईसमोर गप्प बसलात ना? मग हेही तिच्यासमोरच बोला."

तो घोंगडीतून बाहेर आला. गडग्यापलीकडे सावित्रीबाई तुळशीपाशी दिवा लावत होती.

"आये," त्याचा आवाज चार घरांना ऐकू गेला. "मी विमलला शिवलोय. लग्न करीन तर हिच्याशीच. आणि हिला अढी बंद, तर मलाही बंद."

सावित्रीबाईने दिव्याची वात सारखी केली. "आंघोळ केल्याबिगर घरात येव नको," एवढंच म्हणून ती आत गेली.

शिवराम परत फिरला. विमलाने घोंगडीची कड उचलून धरली होती.

"या," ती म्हणाली. "आता दट्ट्या तुम्ही ओढा."