अठ्ठावीस वर्षांची बाटली

फ्रीजच्या दारातलं इन्सुलिनचं पेन जागच्या जागी होतं. बाईंनी सकाळपासून चौथ्यांदा दार उघडून पाहिलं, आणि चौथ्यांदाही ते तिथंच होतं.

म्हणजे हे घरी आलेले नाहीत. काल संध्याकाळची सुई चुकली. आज सकाळचीही चुकली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, काल दुपारी "तासाभरात येतो" म्हणून गेलेला.

फोन वाजला.

"बाई, मी बोलतोय." इन्स्पेक्टरचा आवाज. कधीकाळी हा बाईंच्या विज्ञानाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. अजूनही त्यांच्याशी बोलताना त्याचा आवाज खाली यायचा. "सरांचा कोट सापडला. बसस्टँडवर, एका बाकावर."

"आणि हे?"



"ते नाहीत. आणखी एक आहे बाई. हॉटेलच्या मालकांनी तक्रार दिलीय. त्यांची एक जुनी बाटली गायब आहे. सरांनीच नेली, असं म्हणतात."

बाईंनी ओट्याला हात टेकला. "मी हॉटेलवर जाते. तूही तिथं ये."

"बाई, तुम्ही घरीच थांबा, मी..."

"ये म्हटलं ना!"

हे वाइनचे परीक्षक. चाळीस वर्षं त्यांनी जिभेवर पोट भरलं. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, आणि काय काय जाणवलं ते सांगायचं. अक्षर मात्र कोंबडीचे पाय. म्हणून हे सांगायचे आणि बाई लिहून घ्यायच्या. स्वतः बाईंनी कधी एक थेंब चाखला नव्हता. पण बत्तीस वर्षं त्यांची जीभ बाईंच्या हातानं लिहीत आली होती.

काल मात्र बाई गेल्या नव्हत्या. निघायच्या वेळी क्षुल्लक गोष्टीवरून भांडण झालं आणि त्या बोलून गेल्या, "नाक गेलंय आता तुमचं. लोक तोंडावर बोलत नाहीत, इतकंच." हे एवढंच म्हणाले, "तासाभरात येतो." चपला घातल्या आणि निघाले.

रिक्षात बसल्यापासून ते एकच वाक्य बाईंच्या कानात घुमत होतं.

हॉटेल बंद होतं. इन्स्पेक्टर दारातच भेटला; दोघं आत शिरली. पंखे बंद, खिडक्या लावलेल्या. हवा कोंदलेली, अंगाला चिकटणारी. पलीकडे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. चुली थंड, पातेली धुऊन पालथी घातलेली. दोन हाका मारल्यावर आतल्या बोळातून मालक आले. चष्मा काढून रुमालानं पुसत होते. डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला.

"माफ करा वहिनी, काही दिसतच नाहीये. बसा ना. माझ्या तर काळजाचं पाणी झालंय."

इन्स्पेक्टरनं वही काढली. "काल काय झालं, पहिल्यापासून सांगा."

"बारा वाजता आले. आज रात्री माझ्याकडे वीस खास पाहुण्यांचं जेवण आहे. इटलीची अठ्ठावीस वर्षांची रेड वाइन उघडायची आहे. त्याआधी एक बाटली चाखून चार ओळी सांगाव्यात, एवढंच काम. ह्याच टेबलावर बसले. चाखली. खूश झाले. ते सांगत गेले, मी लिहून घेतलं. एक वाजता निघाले."

"कुठल्या दारानं?"

"पुढच्या."

"कुणी पाहिलं?"

"कोण पाहणार? काल आमची सुट्टी. आजही माणसं चारनंतर येतील."

"बाटली कुठून काढली होती?"

"वरच्या कपाटातून. तळघर चार दिवस बंद आहे. गार ठेवायचं मशीन बिघडलंय, आत नुसती भट्टी झालीय. किल्लीसुद्धा मिस्त्रीकडेच आहे."

"आणि हरवलेली बाटली?"

"त्याच कपाटातली. ते गेल्यावर पाहिलं तर नाही." मालकांनी मान खाली घातली. "बोलायला लाज वाटते वहिनी. पण वय झालं की माणसाचं डोकं कधी फिरेल, सांगता येत नाही."

बाईंनी दात आवळले. भांडायला वेळ नव्हता.

"तो कागद दाखवा."

मालकांनी टेबलावरच्या वाइनच्या छापील याद्या बाजूला सारल्या आणि खालचा कागद काढून दिला. बाई वाचू लागल्या.

*मधे गडद लाल, कडेला विटकरी. सुकलेला गुलाब, डांबर, जुनं चामडं. मागून काजूचा मंद वास. तोंडात कोरडी, ताठ. गिळल्यावर चेरीचा आंबटपणा, बराच वेळ रेंगाळतो.*

शब्द ह्यांचेच होते. 'डांबर' वाचताना तर बाईंना ह्यांचा आवाजच ऐकू आला. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर, पेल्याच्या जागेशेजारी, एक वाळलेला जांभळा डाग होता. बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

इन्स्पेक्टरचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "बसस्टँडवर कुणीच त्यांना पाहिलेलं नाही, बाई. दवाखान्यांतूनही नकारच."

"चोवीस तास होत आले रे. पोटात काही नाही, सुई नाही." बाई मालकांकडे वळल्या. त्यांनी चक्क हात जोडले. "भांडले होते मी त्यांच्याशी. काही बोलले का? कुठं जातो, काही? आठवा ना. पाया पडते तुमच्या."

"नाही हो वहिनी. तुम्ही घरी जा, जरा आराम करा."

मालक थेट त्यांच्या डोळ्यांत बघून हे बोलले. आता चष्मा लख्ख होता.

बाईंचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

"मघाशी कुठून आलात तुम्ही?"

"मी? स्वयंपाकघरातून."

"चष्म्याला काय झालं होतं?"

"वाफ हो. स्वयंपाकघर म्हटलं की..."

"कसली वाफ? चुली थंड आहेत. आणि तुम्ही बोळातून आलात." बाई इन्स्पेक्टरकडे वळल्या. त्यांचा आवाज फाटला होता, तरी प्रश्न वर्गातलाच होता. "गार काच उकाड्याच्या दमट हवेत आणली तर काय होतं?"

इन्स्पेक्टर ताठ उभा राहिला. "बाष्प जमतं, बाई."

"मग अख्ख्या हॉटेलात मालकांचा चष्मा गारठला कुठं? तळघरात तर भट्टी आहे म्हणे!"

मालक एक पाऊल मागे सरले. इन्स्पेक्टरनं त्यांचं मनगट धरलं आणि दुसरा हात त्यांच्या खिशात घातला. किल्ली मिस्त्रीकडे नव्हती.

तळघराचं दार उघडताच गारठा अंगावर आला. मशीन व्यवस्थित घुरघुरत होतं. बाटल्यांच्या दोन रांगांमध्ये, फरशीवर, हे कुशीवर पडले होते. अंगात नुसता सदरा. ओठ निळसर.

"अहो!" बाई गुडघ्यांवर कोसळल्या. नाकाशी हात धरला. श्वास होता. अगदी बारीक, पण होता.

ह्यांना उचलून वर आणलं. अँब्युलन्स यायला दहा मिनिटं लागणार होती. इन्स्पेक्टरनं आपलं जाकीट ह्यांच्यावर पांघरलं. बाई ह्यांचे तळपाय चोळत राहिल्या. मालक पायरीवर मटकन बसले.

"मी काही केलेलं नाही. ते आपणहून आत गेले. दार आपोआप लागलं असेल."

"आणि कोट आपोआप बसस्टँडवर गेला?" इन्स्पेक्टर म्हणाला.

बाईंनी मान वर केली नाही. हात थांबवले नाहीत. "त्या कागदावरचं ह्यांनी काल सांगितलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी ह्यांनी हीच वाइन चाखली होती. मी लिहीत होते. हे म्हणाले, 'मागून काजळीचा वास.' शेजारी मिक्सर चालू होता, मी ऐकलं 'काजूचा'. तसंच तुमच्या यादीत छापून आलं. महिनाभर हसत होते हे. म्हणायचे, साऱ्या जगात ह्या वाइनला काजूचा वास फक्त तुझ्या कानांना येतो. काल ह्यांनी सांगितलं असतं तर काजू आला नसता. तुम्ही यादीवरून उतरवून काढलंत."

"पण का?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"कारण काल ह्यांनी जे सांगितलं, ते लिहिण्यासारखं नव्हतं. ही वाइन जुनी झाली की तिचा लाल उतरतो, विटकरी होतो. हे मला बत्तीस वर्षं ऐकवतायत. टेबलावरचा डाग बघ. जांभळा आहे. कोवळ्या वाइनचा डाग तो. जुन्या बाटल्यांत नवी भरलीय मालकांनी. खाली दुसरी कुठलीही बाटली उघड, रंग तोच निघेल."

मालकांनी तोंड ओंजळीत लपवलं. "वाटलं होतं, वयानं त्यांना आता फरक कळणार नाही. मी हातापाया पडलो. ऐकेनात. म्हणाले, पाहुण्यांसमोर सांगेन. बाकीच्या बाटल्या दाखवतो म्हणून खाली नेलं आणि दार ओढून घेतलं. फक्त आजची रात्र जाऊ द्यायची होती. उद्या सोडणारच होतो."

"म्हणून आधीच चोर ठरवून ठेवलंत. उद्या ते काहीही बोलले तरी विश्वास कोण ठेवणार?" इन्स्पेक्टरनं बेड्या काढल्या.

"मघाशी तुम्ही खाली गेला होतात," बाई म्हणाल्या. "तेव्हा कसे होते हे?"

मालकांनी बेड्यांकडे पाहिलं.

"विचारतेय मी. कसे होते?"

"पडले होते. हाक मारली, तर ओ दिली नाही."

"आणि वर येऊन मला म्हणालात, घरी जा, आराम करा."

 बाहेर अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, साखर उतरतेय. आणखी दोन-तीन तास गेले असते तर हातात काही उरलं नसतं. डाव्या पायाच्या दोन बोटांचं मात्र आत्ताच सांगता येत नाही.

सातच्या सुमाराला ह्यांनी डोळे उघडले. बाईंना ओळखायला थोडा वेळ लागला.

"तू आलीस?"

"आले."

"अंधारात बसलो होतो गं. वाटायला लागलं, तूच खरी असशील. वाइन चांगलीच असेल, नाकच गेलं असेल माझं. मग दार ठोठावणंही सोडलं."

 बाई ह्यांच्या कानाशी वाकल्या. "वाइन खोटी होती. नाक शाबूत आहे तुमचं. मी बोलले ते नुसतं रागानं. चुकलं माझं."

पण हे पुन्हा झोपले होते. कितपत ऐकलं, कोण जाणे.

बाईंनी खुर्ची पलंगाशी आणखी जवळ ओढली, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.