निळ्या अक्षरांचा दगड

"माझ्या नवऱ्याने ते केलं की नाही, एवढंच मला सांगा," जीन ट्वीडी म्हणाली. "बाकी मला काही नको."

एल्स्पेथ म्युअरने चहाचा कप पुढे सरकवला. बावीस वर्षं एडिनबराच्या पोलिसांत काढून तिने स्वतःचा तपासाचा व्यवसाय थाटला होता. समोरचा माणूस खरं बोलतोय की बनवतोय, हे तिला त्याने पायपुसण्यावर बूट पुसेपर्यंत कळायचं. तिचा मदतनीस नेव्हिल हॉर्सफॉल याला ते घरी पोचल्यावर कळायचं. तो मूळचा यॉर्कशरचा, म्हणजे इंग्लिश. तीस वर्षं इथे राहूनही दुकानदार त्याला "सुट्टीवर आलात का?" असं विचारत.

जीनची हकिगत थोडक्यात अशी. लोगनबर्न हे दोनशे घरांचं गाव. चौकात युद्धात गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा दगड आहे. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं की नाही, याचं मतदान पुढच्या गुरुवारी होतं. गेल्या शनिवारी सकाळी त्या दगडावर, नावांच्याही वर, हातहातभर उंचीची तीन निळी इंग्रजी अक्षरं रंगवलेली दिसली: येस. जीनचा नवरा फर्गस गावच्या शाळेचा मुख्याध्यापक आणि वेगळं व्हावं म्हणणाऱ्या होवाल्यांचा म्होरक्या. त्यामुळे सगळी बोटं त्याच्याकडे वळली. येत्या सोमवारी पालकांची सभा होती. त्याला शाळेतून काढा, एवढा एकच विषय, आणि तशा सह्याही गोळा झाल्या होत्या.

"तुम्ही स्वतः त्यांना विचारलंत?" एल्स्पेथने विचारलं.

"मी त्याच्या कपड्यांना रंग लागलाय का ते पाहिलं," जीन म्हणाली. "तो झोपलेला असताना. तेव्हापासून मी मुलीच्या खोलीत झोपते."

या शनिवारी सकाळी एल्स्पेथ आणि नेव्हिल लोगनबर्नला पोचले. अर्ध्या खिडक्यांत 'येस', अर्ध्यांत 'नो, थँक्स', आणि एका घराच्या दोन खिडक्यांत दोन्ही. चौकात नेव्हिल हॅट घालूनच दगड बघायला पुढे झाला, तेव्हा काठी टेकत जाणारे एक आजोबा थबकले. त्यांनी आपली टोपी काढून हातात धरली आणि नेव्हिलच्या डोक्याकडे पाहत राहिले.

"काढ ती," एल्स्पेथ हळूच म्हणाली. "इथे दगडापुढे कुणी डोकं झाकून उभं राहत नाही. खाटीक मटणाची पेटी डोक्यावर घेऊन जात असला, तरी पेटी खाली ठेवून टोपी काढतो."

नेव्हिलने कान लाल होईपर्यंत माफी मागितली. नगरपालिकेच्या माणसाने गरम पाणी आणि सोडा मारून दगड चकाचक केला होता. पायऱ्या मात्र तशाच सोडल्या होत्या. एल्स्पेथ गुडघ्यांवर बसली. सगळ्यात वरच्या पायरीवर मोहरीएवढे निळे ठिपके पसरले होते. अक्षरं माणसाच्या डोक्याच्या वर होती. फवाऱ्याच्या डब्याने हात उंच करून रंगवलेली, आणि त्या दिवशी वारा होता. फक्त एका जागी, जेवणाच्या ताटाएवढा भाग कोरा होता.

"डबा ठेवला असेल," नेव्हिल म्हणाला.

"फवाऱ्याचा डबा हातात असतो, नेव्हिल. आणि तो ताटाएवढा नसतो."

चौकातल्या दुकानाची मालकीण मिसेस पर्डी हिनेच मास्तरांचं नाव घेतलं होतं. सहाच्या सुमारास नुकतं फटफटत होतं, वरच्या खिडकीतून दगडापाशी एक पाठमोरी आकृती दिसली. चेहरा नाही, केसांचा रंग नाही, वय नाही. मग मास्तरच कशावरून?

"डोक्यावर टोपी नव्हती," ती म्हणाली. "या गावात बारशापासून मयतीपर्यंत पुरुष टोपी घालतो. बोडका फिरतो तो एकटा ट्वीडी मास्तर. ग्लासगोचा आहे ना." पायरीवर काहीतरी काळपट पडलेलं होतं, मांजर असेल, असंही तिला आठवत होतं. मग तिने आवाज खाली आणला. तिचं मतही होकाराचंच होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला होता. आपल्याच माणसाने आपल्याला मान खाली घालायला लावली, असं ती म्हणाली.

रंग मेंढ्यांवर खुणा करायचा होता. तो पावसात महिनोन्‌महिने टिकतो आणि गिरणीत सोड्याच्या कढत पाण्यात लोकरीतून निघून जातो. आम्हा स्कॉटिश लोकांकडे प्रत्येक शेताची खूण वेगळ्या रंगाची, आणि निळी खूण हिस्लपची. अँगस हिस्लप गोठ्यातच भेटला. तो नकारवाला होता आणि आठवडाभर लोकांच्या नजरा झेलून वैतागला होता.

एक डबा कमी होता, ते त्याने स्वतःहून सांगितलं. खोपटाला कुलूप नसतं. त्या आठवड्यात मास्तर शिडी मागायला आला होता, मास्तरचे सासरे वॉल्टर रदरफर्ड अंडी न्यायला आले होते, पोस्टमन रोजच येतो.

"माझ्या मनात मास्तरचंच आलं," हिस्लप म्हणाला. "पण माझ्या पोराला वाचायला शिकवलं त्याने. म्हणून मी पोलिसांना डब्याचं बोललो नाही. चुकलं असेल माझं."

"ज्याला दगड कायमचा खराब करायचा होता, त्याने हा रंग घेतला असता का?"

हिस्लपने मेंढीच्या पाठीवर थाप मारली. "त्याला तारेच्या कुंपणाचा रंग घेता आला असता. तोही तिथेच होता, पहिल्या फळीवर. तो दगडात मुरतो."

फर्गस ट्वीडी शाळेच्या रिकाम्या वर्गात बसला होता. चाळिशीचा उंच माणूस, खांदे पाडून. त्या शनिवारी सकाळी सहा वाजता तो कुत्र्याला घेऊन नदीकाठी गेला होता. कुत्र्याशिवाय साक्षीदार नव्हता. भिंतीवर मुलांच्या अक्षरात दगडावरची एकतीस नावं लिहिलेली होती, कोणाचं घर कुठलं, तो काय काम करायचा, यासकट.

"दर नोव्हेंबरला पोरं ती वाचून दाखवतात," तो म्हणाला. "आणि मी त्यांच्यावर रंग मारीन?"

"मग हे ओरडून का नाही सांगितलंत?"

त्याने खडूचा तुकडा उगाच फिरवला. "कारण मला वाटलं, आमच्यातल्याच कुणीतरी केलंय. सभेत फार तापलेली डोकी असतात, आणि ती तापवणाऱ्यांत मीही होतो. मी नाही म्हणालो, पण खालच्या आवाजात." मग त्याने विचारलं, "तुम्हाला जीनने बोलावलं ना? तिने मला विचारलं असतं तर बरं झालं असतं."

वॉल्टर रदरफर्ड ब्याऐंशी वर्षांचे. सैन्यात नोकरी झाली, मग गिरणीत. नाहीवाल्यांचे गावातले अध्यक्ष तेच. भाषण करताना त्यांचा आवाज चढत नसे, म्हणून लोक ऐकून घेत. दगडावर सतरावं नाव त्यांच्या थोरल्या भावाचं होतं. डेव्ही रदरफर्ड, इटलीत पडला तेव्हा वय वीस.

ते जीनच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसले होते. करड्या चौकड्यांची टोपी डोक्यावर तशीच. काहीतरी बोलायचं म्हणून नेव्हिलने टोपीचं कौतुक केलं.

"नवी आहे," वॉल्टर म्हणाले. "जुनी वाऱ्याने ओढ्यात गेली."

"तीस वर्षं वापरली," जीन म्हणाली. "आईने घेतलेली. आणि आता बघा, घरातसुद्धा काढत नाहीत. माझ्या लहानपणी टोपी घालून ताटावर बसलं की धपाटा मिळायचा."

"डोक्याला गार लागतं, पोरी." त्यांच्या कपाळावर चुलीच्या धगीने घाम आला होता.

एल्स्पेथने त्यांना जावयाबद्दल विचारलं. सहा वर्षं वाद घातला, पण कधी खोटं बोलताना पाहिलं नाही, असं ते म्हणाले आणि चहात साखर ढवळत राहिले. साखर त्यांनी घातलीच नव्हती. थोड्या वेळाने ते फिरायला निघाले. एल्स्पेथ खिडकीशी उभी राहिली. घर चौकापासून दोन मिनिटांवर. वॉल्टर उलट्या दिशेला वळले आणि गिरणीच्या चिखलाच्या गल्लीतून लांबचा फेरा घालून गेले.

"हल्ली तिकडूनच जातात," जीन म्हणाली. "गुडघे दुखत असूनही."

चारच्या चहाला एल्स्पेथने जीन, फर्गस आणि वॉल्टर अशा तिघांनाही स्वयंपाकघरात बसवलं. जीनने लोणी लावलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, मांडले होते, त्यांना कोणी हात लावला नाही. नेव्हिलने लावला, आणि मग तो ओशाळून परत ठेवावा की खावा, या पेचात पडला.

"फर्गस ट्वीडींनी ते केलेलं नाही," एल्स्पेथ म्हणाली.

जीनने डोळे मिटले. फर्गस खिडकीबाहेर बघत राहिला.

"मिसेस पर्डींनी पाहिलं ते खरं पाहिलं. माणूस बोडका होता. पण त्याचा अर्थ त्यांनी उलटा लावला. इथले सगळे टोपी घालतात, म्हणून हा टोपी न घालणारा, असं त्यांना वाटलं. पण त्या एका जागी इथला कुणीच टोपी घालून उभा राहत नाही. बोडका असणं ही तिथे परक्याची खूण नाही. इथल्याचीच आहे."

"म्हणजे तो..." नेव्हिल म्हणाला.

"त्याने रंग मारायला डबा हातात घेतला आणि आधी टोपी काढली. विचार करून नाही. हात आपोआप गेला. टोपी पायरीवर ठेवली. मिसेस पर्डींना तीच मांजर वाटली. रंग उडाला तो पायरीवर पडला, टोपीवर पडला, म्हणून टोपीखालची जागा कोरी राहिली. टोपी मग वापरता येण्यासारखी उरली नाही."

चुलीत कोळसा सरकला.

"रंग त्याने निवडून घेतला. शेजारीच कायमचा रंग होता, तो घेतला नाही. त्याला त्या नावांना इजा करायची नव्हती. एवढ्यावरून मी फर्गसवरचा संशय सोडला नाही, कारण त्यांनाही ती नावं प्रिय आहेत. पण फर्गसच्या डोक्यावर टोपीच नसते, मग त्यांनी पायरीवर ठेवलं काय? हिस्लप आपल्याच खुणेचा रंग वापरण्याइतका खुळा नाही, आणि डबा गेल्याचं त्याने स्वतः सांगितलं. डोक्याच्या वर फवारा मारला की वारा तो केसांवर आणतो. हा रंग पाण्याने जात नाही, कढत सोड्याने जातो. दगडाला कढत सोडा चालतो. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला चालत नाही."

जीनने वडिलांकडे पाहिलं. मग त्यांच्या टोपीकडे.

"मी ती काढायला सांगणार नाही, मिस्टर रदरफर्ड," एल्स्पेथ म्हणाली. "ती तुमची तुम्ही काढायची."

वॉल्टरनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "गाव हातातून चाललं होतं," ते म्हणाले. "ज्यांच्याबरोबर मी गिरणीत जेवलो, ते त्या निळ्या पाट्या लावायला लागले. डेव्ही ज्या देशासाठी गेला, तो देशच राहणार नाही, म्हणे. मग तो कुणासाठी गेला? मला वाटलं, एकदा यांना लाज वाटू दे. दोन दिवस बोलतील, सोड्याने धुऊन जाईल. फर्गसचं नाव येईल असं मनात नव्हतं."

"पण आलं," जीन म्हणाली.

"आलं. आणि मी गप्प बसलो. पहिल्या दिवशी सांगणं जड गेलं, दुसऱ्या दिवशी जास्त जड, आणि नंतर तर..." त्यांनी चहाचा कप दूर सारला. "भावाच्या नावापुढून जाववत नाही मला. गिरणीच्या गल्लीतून जातो, चोरासारखा."

फर्गस उठला. तो आता काय बोलेल, याची नेव्हिलला धास्ती वाटली. पण फर्गस सासऱ्यांशी बोललाच नाही. तो बायकोकडे वळला.

"माझे कपडे तपासलेस ना तू?" त्याने विचारलं. "मी जागा होतो, जीन."

जीनची मान खाली गेली. आमच्या लोकांची ही खोड मला ठाऊक आहे. देश मोडावा की राहावा यावर आम्ही खानावळीत टेबलं बडवून बोलू, पण ज्याच्या शेजारी झोपतो त्याला एक सरळ प्रश्न विचारायला आमची जीभ उचलत नाही. जीनने त्या एका प्रश्नासाठी एडिनबराहून बाई बोलावली होती, आणि आता तिला त्याची इतकी लाज वाटली की रडायचंही सुचेना.

रविवारी चर्च सुटलं तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळं गाव दगडापाशी थांबलं. एका बाजूला होवाले, दुसऱ्या बाजूला नाहीवाले, मध्ये आठवडाभरात आपोआप पडलेली वाट. पुरुषांच्या टोप्या हातात होत्या. एल्स्पेथ आणि नेव्हिल गाडीपाशी उभे होते. नेव्हिलची हॅट गाडीतच होती.

वॉल्टर रदरफर्ड चौकाच्या रस्त्याने आले. डोक्यावर टोपी तशीच, आणि ते बघून गर्दीत कुजबुज सुरू झाली. ते मधल्या वाटेने पायरीपर्यंत गेले. ते आता भाषण करतील म्हणून लोक वाट बघत होते. त्यांनी एक शब्द काढला नाही. टोपी काढली, आणि गावाकडे तोंड करून उभे राहिले.

पांढऱ्या केसांत कपाळापासून टाळूपर्यंत निळे ठिपके होते. मेंढीच्या पाठीवर असतात तसे.

पहिल्यांदा हिस्लपला कळलं, मग मिसेस पर्डीला. तिने तोंडावर हात ठेवला आणि मास्तरांकडे बघायचं टाळलं. एकेक करून सगळ्यांनीच टाळलं. मास्तरांना काढून टाका म्हणून ज्यांनी सह्या केल्या होत्या, ते बुटांकडे बघू लागले, आणि त्यांत दोन्ही बाजूंचे होते.

पायरी उतरायला वॉल्टरनी पाय पुढे केला आणि तो तसाच अडला. तेव्हा ग्लासगोचा बोडका मास्तर गर्दीतून पुढे गेला, त्याने त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना खाली उतरवलं. माफ केलं, असं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. जीन दोन पावलं मागे चालत होती. पुढे होऊन दुसरा हात धरायचा तिला धीर झाला नाही.

"गुरुवारी तू कुणाला मत देणार?" परतताना नेव्हिलने विचारलं.

"इतकी वर्षं माझ्याबरोबर चहा पितोस," एल्स्पेथ म्हणाली, "आणि इथून तू परका होशील की काय, अशी भीती तुला वाटते का, हे मी तुला एकदाही विचारलं नाही."

नेव्हिलला यावरचं उत्तर घरी पोचल्यावर सुचलं, आणि त्याने लगेच तिला फोन लावला.