आत्याचा निळा कोट

आत्याच्या कपड्यांचं खोकं सांभाळत ती संग्रहालयाच्या दालनात शिरली, समोरच्या उंच पडद्याकडे तिची नजर गेली आणि खोकं हातातून निसटता निसटता राहिलं. पडद्यावर तीच होती... पण अंगात आत्याचा निळा कोट!

तो कोट तर काचेच्या कपाटात कुलूपबंद होता. आत्याने आयुष्यभर त्याला कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं, लाडक्या भाचीलाही नाही.

"घाबरू नका, चोरी नाही झाली." पडद्यामागून एकजण हसत बाहेर आला. "समोर उभं राहिलं की हा डिजिटल पडदाच अंगावर कोट चढवतो. शोभतोय हं. म्हणजे... कोट."

"कोटच ना?"

"सध्या तरी कोटच."

आगाऊ कुठला! पण खोकं खाली ठेवताना ती हसत होती, त्याला काय करणार?

आत्या नावाजलेली डिझायनर. ती जाऊन वर्ष झालं होतं. तिची शिवणखोली आता भाचीच चालवायची आणि संग्रहालयात आत्याचं दालन उभं राहत होतं. खरे कपडे काचेआड राहतील, पण येईल त्याला ते पडद्यावर अंगात घालून बघता यावेत, हे काम या पडदेवाल्याचं. उद्घाटन झालं की तो दुसऱ्या गावी जाणार होता.

त्या दिवसापासून तो तिला रोज बोलवायला लागला. बाही नीट पडते का बघायला, कापड खरं वाटतं का सांगायला. कॉफीच्या वेळी तर विचारू नका! तिच्या बोटाला सुई टोचलेली दिसली तरी दहा प्रश्न. पण एकदा का ती पडद्यासमोर उभी राहिली की हा बाबा टुणकन चार हात लांब. एकदा ती कॉलर दाखवायला त्याच्याजवळ सरकली, तर तो असा मागे उडाला की स्टुलासकट आडवा झाला.

"अहो, लागलं का?"

"नाही... तुम्ही तिथेच थांबा! प्लीज."

तिचं डोकं चक्रावलं. घरी आल्या आल्या तिने सगळं वहिनीपुढे ओतलं.

"लाजत असेल गं," वहिनी म्हणाली.

"लाजणारा माणूस दोन-दोनदा कॉफी विचारतो?"

"मग आवडत नसशील."

"मग दारापर्यंत सोडायला का येतो?"

"अगं बाई, त्यालाच विचार ना! माझं डोकं कशाला खातेस?"

मी आवडते का, हे विचारायचं कसं? तो 'हो' म्हणाला तर पंचाईत, कारण तो जाणारच होता, आणि 'नाही' म्हणाला तर... नकोच ते. ती त्याच्या प्रेमात पडली होती, हे तिला आता स्वतःपासून लपवता येत नव्हतं. पण त्याला ती हवी होती की कोट घालून बघायला नुसतं कुणीतरी हवं होतं, याचा काही केल्या पत्ता लागेना.

उद्घाटनाचा दिवस उजाडला; समारंभ संध्याकाळी होता. सकाळी दालनात दोघंच. त्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली. ती पडद्यासमोर उभी राहिली, आणि तो नेहमीसारखा भिंतीला चिकटला. मग मात्र तिला राहवेना.

"मी काय चावते का?"

"नाही हो..."

"मग इकडे या."

"नको. खरंच नको, ऐका तरी..."

तिने सरळ त्याची बाही धरली आणि त्याला खेचून शेजारी उभं केलं. पडदा क्षणभर गोंधळला. मग त्याने दोघांना मिळून एकच कोट चढवला. एका बाहीत तिचा हात, दुसऱ्या बाहीत त्याचा, आणि बटणं दोघांच्या बरोबर मध्ये.

"हे काय?"

"चूक आहे." त्याचे कान लाल झाले होते. "दोन माणसं जवळ उभी राहिली की पडद्याला ती एकच वाटतात. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. तुम्हाला दिसू नये म्हणून लांब पळायचो."

"मग दुरुस्त का नाही केलीत?"

"तेवढंच काम उरलं होतं. ते केलं असतं तर तुम्हाला रोज कुठल्या तोंडाने बोलावलं असतं? आज तरी करून टाकणार होतो... पण हात धजेना. आणि त्या पहिल्या दिवशी कोट नव्हता शोभत. तुम्ही शोभत होता."

तिला हसावं की रडावं तेच कळेना. पडद्यावरचा कोट मात्र दोघांना घट्ट धरून होता.

"दुरुस्तीला वेळ किती लागेल?"

"मनावर घेतलं तर तासभर."

"आणि नाही घेतलं तर?"

"तुम्ही सांगाल तितका."

"मग सावकाश कर," ती म्हणाली. "लोकांना आज एकेकट्यानेच उभं राहायला सांगू."

आणि दाराशी जाऊन तिने त्याची बॅग उचलली, पडद्यामागे नेऊन ठेवली.