दगडी बंगल्याचं सारवण

काटोल रस्त्यावरचा दगडी बंगला पूर्वी हॉलंडहून आलेल्या एका जोडप्याचा होता. संत्र्यांच्या बागेत त्यांनी काळ्या दगडाचं, उतरत्या छपराचं शेतघर बांधलं. पुढे मडम इथेच वारली आणि साहेब परत गेला. एका ट्रस्टने घराचं संग्रहालय केलं आणि १९७१ पासून ते माझ्याकडे आहे. वस्तूंना क्रमांक देणं, चिठ्ठ्या लिहिणं, सोमवारी बंद ठेवणं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ओल आणि वाळवी यांच्यावर मात्र आहे.

सगळ्या घरात फरशी होती, फक्त स्वयंपाकघराची जमीन मातीची. तिथे दर आठवड्याला प्रयागबाई सारवायची. तिची आई मडमेकडे कामाला होती, आणि ती स्वतः तीस वर्षांपासून संग्रहालयात. गोरेवाड्याहून पायी यायची, बोलायची कमी. एकदाच खुलून बोलली होती.

"मडमेले सारवाची लय हौस. माझी माय शिकवे तिले. पण कितीही सांगा, ती दारापासूनच सुरू करे अन् चुलीपाशी जाऊन अडके. मंग वाळेपर्यंत तिथंच बसून राहे, हासत."

मला हसू आलं. चुलीकडून सुरू करून मागे सरकत दाराशी यायचं, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही कळतं.

डिसेंबरात ट्रस्टचे सचिव मनोहरराव पाहणीला आले. शेणाच्या वासाने त्यांचं नाक वर चढलं. "शहाबादी बसवून टाकू. तोवर सारवण बंद." मी मान डोलावली. प्रयागबाई तेवढी म्हणाली, "चूल कोरडी पडू देऊ नका, साहेब."

पुढच्या मंगळवारी दार उघडलं तर ओल्या शेणाचा वास. जमीन नुकती सारवलेली. मागच्या दाराची किल्ली प्रयागबाईकडे असायची.

"काहून मी करीन? तुम्ही नाही म्हटलं ना," ती म्हणाली.

त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा तेच. आता प्रकरण मनोहररावांपर्यंत गेलं. तिला काढून टाका, असा निरोप आला. मला वाईट वाटलं, पण तिच्या हट्टाचा रागही आला होता. मी किल्ली मागितली. तिने ती पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातावर ठेवली.

"तीस वर्सांत तुमाले खोटं सांगितलं का मी?"

त्याच दिवशी मी दोन्ही दारांना नवी कुलपं घातली आणि किल्ल्या माझ्याच खिशात ठेवल्या.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी साडेनऊला कुलूप काढलं. तोच वास.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मडमेचे लाकडी जोडे ठेवलेले होते. संग्रहालयातली वस्तू क्रमांक बेचाळीस. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असतात. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं.

मी उंबऱ्यावर थांबलो. जमीन ओली होती. बोटांचे अर्धगोल फराटे दारापासून सुरू होऊन आत आत गेले होते. ते चुलीशी संपत होते. तिथे खिडकी नाही, दुसरं दार नाही.

चुलीच्या कोपऱ्यात हातभर जागा कोरडी राहिली होती. एका माणसाला बसता येईल एवढी.

मी खूप वेळ त्या जागेकडे बघितलं नाही.

मग सायकल काढली आणि गोरेवाडा गाठला. प्रयागबाई अंगणात तूर पाखडत होती. "माझं चुकलं," मी म्हणालो. वाटेभर तेवढंच म्हणायचं ठरवलं होतं. मग बाकीचं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि सायकलवर मागे बसली.

बंगल्यावर पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. ती उंबऱ्याशी उकिडवी बसली, हाताची मागची बाजू जमिनीला लावली.

"वाळून राहिलं."

आम्ही थांबलो. घरात आवाज नव्हता. मी तीनदा घड्याळ बघितलं. तिने पुन्हा हात लावला.

"वाळलं."

ती उठली. पदर सावरून दारातून बाजूला सरली. वडीलधारं कोणी बाहेर येत असलं की बायका सरतात, तशी.

मीही सरलो.

थोड्या वेळाने खाली बघितलं तर उंबऱ्याशी जोडे नव्हते. ते कपाटात होते, कुलपाआड.

मी मागच्या दाराची नवी किल्ली पुढे केली. ती घेणार नाही असं वाटलं होतं. तिने ती पदराच्या गाठीला बांधली.

"माय तं गेली," ती म्हणाली. "आता मलेच शिकवा लागन तिले."

त्या संध्याकाळी मी मनोहररावांना लिहिलं की जमीन मूळ स्वरूपात जपणं संग्रहालयाच्या हिताचं आहे आणि प्रयागबाईंशिवाय ते काम होणार नाही. आश्चर्य म्हणजे त्यांनी मानलं.

पुढच्या सोमवारी प्रयागबाई एकटीच आली. दार आतून लावून घेतलं, दुपारी निघून गेली.

मंगळवारी मी बघितलं. सारवण चुलीकडून दारापर्यंत आलं होतं, जसं यायला हवं तसं. डावीकडचे फराटे प्रयागबाईच्या रुंद पंजाचे. उजवीकडचे लांब, बारीक बोटांचे, आणि नवशिक्यासारखे जागोजागी थांबलेले.