तुम्ही पेशंटचे कोण?

या, जरा पुढे सरकून बसा मंडळी. मागच्यांनो, तुम्हीही या; ही गोष्ट आवाज चढवून सांगायची नाही. एका थोरल्या बहिणीची कथा आहे. ऐकून घरी जाल, तेव्हा दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या दारावरून पाय न वाजवता जाल, एवढं नक्की!

सकाळची वेळ. ताई रुग्णवाहिकेवर नर्स. रात्रपाळी उरकून आली आणि स्वयंपाकघरात स्टुलावर, पायांतले बूटही न काढता, चहाचा कप हातात धरूनच झोपी गेली. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं, स्वतःच्या लग्नाचा विषय कायमचा मागे सारला. पुढे भाऊ-भावजय दोघंही नोकरीला जाऊ लागले, दिवसा वडिलांजवळ कुणी हवं, म्हणून तिनं रात्रपाळी मागून घेतली... पण मागून घेतली, हे घरात कधी बोलली नाही. सगळे समजत, हिला तीच सवय.

तेवढ्यात बाबा न्हाणीघराच्या दारात कोसळले.

"ताई, उठा! बाबा पडले!" भावजयीनं गदागदा हलवलं.

ताई उठली. डोळे उघडे होते, पण जाग फक्त हातांना आली होती. तिनं बाबांना कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, श्वास पाहिला. सगळं अचूक. मग जवळ धावून आलेल्या भावाला तिनं हातानं मागं सारलं आणि कोरड्या आवाजात विचारलं,

"तुम्ही पेशंटचे कोण?"

"ताई... अगं, मी!"

"नातेवाईकांनी बाहेर थांबा. काका, माझा हात दाबा बरं."

काका! जन्मदात्या बापाला! भावाच्या काळजावर जणू तप्त सळई फिरली. बाबांना इस्पितळात हलवल्यावर, भानावर आलेल्या ताईला तो तिथल्या जिन्यातच म्हणाला, "तुला माणसं राहिलीच नाहीत, नुसते पेशंट राहिलेत. वर येऊ नकोस. बाबांचं मी बघतो."

ती म्हणू शकली असती, 'अरे, कित्येक वर्षांची झोप साठलीय रे माझ्या अंगात!' नाही म्हणाली. मान हलवून गेली.

मग भाऊ रात्रीमागून रात्र बाबांच्या खाटेशी बसू लागला. बाकाची फळी अंगाला रुतायची, शेजारचा खोकायचा, कुठेतरी यंत्र टिकटिकायचं. अशा एका सकाळी बायको डबा घेऊन आली. त्यानं लाल डोळे वर केले आणि अदबीनं विचारलं, "आपण कुणाकडे आलात? भेटायची वेळ संध्याकाळी असते."

"अय्या! सासरे आहेत हो इथे माझे, सोडता का आत?" ती खळखळून हसली. मग त्याचं तोंड पाहून तिचं हसू विरलं. "अहो... थोड्याच रात्रींत तुमची ही गत. ताई किती वर्षं जागतायत?"

त्यानं डबा न उघडताच बाकावर ठेवला.

"खाली आहेत त्या," ती हळूच म्हणाली. "रात्रपाळी सुटली की रोज येतात. जिन्यापाशी थांबून तुमच्या वॉर्डच्या मावशींना बाबांचं विचारतात, नि जातात."

तो धावतच उतरला. जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून ताई उभ्या उभ्या झोपली होती.

"ताई, वर चल."

ती दचकली. "बाबा बरे आहेत ना? मी निघतेच... तू येऊ नकोस म्हणाला होतास."

"जीभ झडली असती तर बरं झालं असतं माझी!"

"असं बोलू नये." मग मान खाली घालून म्हणाली, "पण मी खरंच ओळखलं नव्हतं रे तुला. ते खोटं नाही."

"मी आत्ता हिला नाही ओळखलं. बायकोला! वेळेवर या म्हणालो."

ताई हसली, आणि हसता हसता दोघांच्याही डोळ्यांतून अश्रुधारा वाहू लागल्या...

वर बाबांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. जिभेला अजून जडपणा होता. "ही... म्हणाली... हात दाबा," ते भावाला म्हणाले. "म्हणून... दाबला."

तिला ते ऐकूच गेलं नाही. खाटेच्या कडेवर डोकं टेकताच तिला गाढ झोप लागली होती. भाऊ दाराशी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून थांबवू लागला, डॉक्टरांनासुद्धा.

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्यासाठी काही मागू नका. अशाच एका ताईची आठवण करा, आणि तिला थोडी झोप मिळो म्हणा.